लालमहंमद उस्तादांचा कान

नळदुर्गात हायवेच्या कडेला पंक्चर काढणारे पुष्कळ होते, पण उस्ताद म्हणत ते एकट्या लालमहंमदांना. ही पदवी त्यांना कुणी शाल-नारळ देऊन दिलेली नव्हती. हैदराबादकडून येणारे ट्रकवाले, चाक गेलं तरी वाटेतली चार दुकानं सोडून, रडतखडत गाडी त्यांच्या दारापर्यंत रेटत आणायचे. कारण एकच. उस्तादांचा कान.

ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या चाकाला टायर धरून ठेवणारी एक लोखंडी रिंग असते. ती खाचेत नीट बसली तर चाक वर्षानुवर्षं पळतं. नीट बसली नाही आणि आत शंभर पौंड हवा कोंबली, तर ती रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते आणि मधे कोण उभं आहे ते बघत नाही. म्हणून शहाणी माणसं असलं चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात. लालमहंमदांच्या दुकानात पिंजरा नव्हता. ते आधी थोडीशी हवा भरून घ्यायचे, मग हातोडी घेऊन रिंगेवर गोल गोल ठोकत जायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. बसलेली रिंग 'टण्ण' बोलते, न बसलेली 'ठद्द'. चारही बाजूंनी टण्ण आलं की उस्ताद म्हणायचे, "बसली!" हातोडी खाली टाकायचे आणि रस्ता ओलांडून बलभीमच्या हॉटेलात चहाला जायचे. मागं त्यांचा मुलगा वसीम उरलेली हवा भरायचा.

वसीम कितीदा म्हणाला होता, "अब्बा, एक पिंजरा करून घेऊ. वेल्डिंगवाला ओळखीचा हाय."

"माझा कान असताना पिंजरा कशाला?" उस्ताद म्हणायचे, आणि चहा पिणारे ट्रकवाले माना डोलवायचे. कौतुक करणाऱ्यांचं काय जातंय!

आता खरी गोष्ट सांगायची तर तो कान कधीचाच गेला होता. तीस वर्षं कॉम्प्रेसर त्यांच्या डाव्या हाताला धडधडत होता. त्यानं डावा कान पार खाल्ला आणि उजवा निम्मा. एका सकाळी हातोडी रिंगेवर पडलेली त्यांना दिसली, पण रिंग काय बोलली ते समजलं नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्यांच्या ट्यूबा पाण्यात बुडवून जन्मभर बुडबुडे शोधणारा माणूस, पण स्वतःची गळती दाखवायची वेळ आली तेव्हा त्याला झाकली मूठ सव्वा लाखाची वाटली. ते पूर्वीसारखेच ठोकत राहिले, मान तिरकी करत राहिले, "बसली!" म्हणत राहिले. आणि नवल असं, की दहा महिने एकही रिंग चुकली नाही. कान गेला तरी हाताला कळतं, अशी त्यांनी मनाची समजूत करून घेतली.

मग रमजान आला, त्याचा पहिलाच रोजा. उन्हाळ्याचे दिवस, भर दुपार, बापलेक दोघंही रोजाला. एक ट्रकवाला चाक घेऊन आला. उस्तादांनी ठोकलं, मान तिरकी केली, "बसली, भर," म्हणाले आणि तिथंच सावलीत बाजेवर टेकले. वसीम क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला, हे त्यांना नंतर चार वर्षं रोज आठवलं. मग त्यानं वाकून चाकात हवा सोडली. जो आवाज झाला तो मात्र लालमहंमदांना ऐकू आला.

दवाखान्यात न्यायचंसुद्धा काही उरलं नव्हतं. तेहतीस वर्षांचं पोर. संध्याकाळी रोजा सोडायच्या आधीच गाव गोळा झालं आणि बलभीम डोळे पुसत म्हणाला, "पोरानं घाई केली. उस्तादाच्या हातनं असं झालंच नसतं." झालं. एकानं म्हटलं आणि सगळ्यांनी उचललं. पोरगं धांदरट होतं. रिंग न बघताच हवा भरली. लालमहंमद त्या दिवशी बोलूच शकत नव्हते, ते सोडून देऊ. पण तिसऱ्या दिवशी बोलता आलं असतं. चाळिसाव्या दिवशी कळंबहून वसीमचे सासरे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जावयानं जरा सबुरी धरली असती तर माझ्या लेकीवर ही पाळी आली नसती." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. लालमहंमद जमिनीकडं बघत बसले. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता पोराच्या कबरीवर गवत आलं, आणि दोष आत पोरासोबतच राहिला. माणूस भ्याड असतो तो वाघासमोर नव्हे. चार ओळखीच्या माणसांसमोर असतो.

त्यांनी ट्रकचं काम बंद केलं. कॉम्प्रेसर विकला. एसटी स्टँडजवळ एक घमेलं, एक हातपंप आणि एक पेटी घेऊन ते सायकली आणि मोटरसायकलींचे पंक्चर काढू लागले. लोक म्हणाले, पोराच्या दुःखानं उस्ताद खचले. तेही खोटं नव्हतं. दोन वर्षांनी वसीमच्या बायकोचा कळंबला दुसरा निकाह झाला. लेक झरीन आजी-आजोबांपाशी राहिली.

झरीन आता दहा वर्षांची. घरात दखनी बोली चालायची, पण ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जायला लागल्यापासून निम्मं घर मराठी झालं होतं. पोरगी तोंडाळ, हुशार आणि बापाच्याच भुवया घेऊन आलेली. तिच्या दादीनं, म्हणजे खातूनबीनं, तिला एक शिस्त लहानपणापासून लावली होती. दादांशी, म्हणजे आजोबांशी, बोलायचं तर उजवीकडं बसून बोलायचं. का, तर म्हणे डावा खांदा दुखतो त्यांचा. झरीननं कधी जास्त विचारलं नाही. लालमहंमदांनीही विचारलं नाही, कारण त्यांना ते सोयीचं होतं.

यंदा विज्ञान दिन रमजानातच आला. हर्षाली मॅडमनी पाचवीच्या मुलांना हवेच्या दाबाचे पाच प्रयोग घरी करून वहीत लिहायला सांगितले आणि शेवटी 'आमच्या घरातलं हवेचं उदाहरण' असा एक परिच्छेद. विज्ञान दिनी पालकांसमोर वाचून दाखवायचं.

"दादा, तुमी तर हवेचे उस्ताद," झरीन म्हणाली. "तुमीच करायचं माझ्यासंगं."

हवा हा शब्द त्या घरात चार वर्षं कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. लालमहंमद नको म्हणणार होते, पण पोरीनं तोवर ग्लास काठोकाठ भरून त्यावर वहीचा पुठ्ठा ठेवलाही होता. तिनं ग्लास उलटा केला आणि पुठ्ठ्याखालचा हात काढला. सगळं पाणी दादांच्या मांडीवर. खातूनबी आतून ओरडली. दुसऱ्या वेळी पुठ्ठा ओला करून नीट चिकटवला, हात काढला, आणि पाणी राहिलं. उलट्या ग्लासात, अधांतरी, जसंच्या तसं.

"कुणी धरलं सांगा!"

लालमहंमदांनी वाकून खालून पाहिलं. रिकामा पुठ्ठा. "कुणी?"

"हवेनं. ती खालनं वर दाबती."

उभा जन्म त्यांचा हवेत गेला होता. पण हवा म्हणजे आतून बाहेर पडायला धडपडणारी, कोंडली की फोडणारी, घरातला एक माणूस घेऊन गेलेली. ती काही धरूनही ठेवते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी झरीनकडून तो ग्लास मागून घेतला आणि स्वतः पुन्हा एकदा करून पाहिलं. मग अजून एकदा.

पुढचे दिवस बरे गेले. खोटं कशाला बोला, चार वर्षांत पहिल्यांदा बरे गेले. दुपारी झरीन शाळेतून आली की ताटलीत पाणी घालून मधे मेणबत्ती लावायची आणि वर ग्लास पालथा घालायची. मेणबत्ती विझली की आतली हवा निवते, तिचा जोर कमी होतो आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते. पाणी ग्लासात चढू लागलं की लालमहंमद रोजाचा थकवा विसरून गुडघ्यावर यायचे. बाटलीच्या आत फुगा घालून तो फुगवायला गेले आणि गाल दुखेपर्यंत फुंकूनही फुगला नाही, तेव्हा खातूनबी तोंडाला पदर लावून हसली. बाटलीत आधीच हवा बसलीय, ती जागा कशी देईल, असं पोरीनं समजावलं. दुकानात असताना वसीम असाच समजावायचा. बापाला शिकवतोस का, असं म्हणून ते त्याला गप्प करायचे.

चौथा प्रयोग झाला त्या दिवशी झरीननं वही उघडली आणि त्यांच्या उजवीकडं बसून परिच्छेद वाचून दाखवला.

"'आमच्या घरातलं हवेचं उदाहरण. हवेत खूप ताकद असते. माझे अब्बा ट्रकच्या चाकात हवा भरत. एके दिवशी त्यांनी घाईघाईत रिंग न तपासता हवा भरली, म्हणून ते वारले. त्यामुळे हवेचं काम कधीही घाईनं करू नये.' चांगलं हाय का, दादा?"

लालमहंमदांनी वहीवर हात ठेवला. "हे कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतात. बलभीम आजोबा तर शाळेच्या गेटवर सगळ्या पोरांना सांगतात, घाई करू नगा, वसीमचं काय झालं आठवा."

"खोडून टाक ते."

"का? खरं हाय की."

ते उठले आणि दुपारनंतरच्या असरच्या नमाजाला अजून बराच वेळ असताना मशिदीत जाऊन बसले. पोरगी हे भर मैदानात वाचणार. बापाची चूक लेकीच्या तोंडून, तिच्याच अक्षरात. आतापर्यंत लोक बोलत होते. आता झरीन बोलणार होती, आणि एकदा तिच्या तोंडात बसलं की ते तिच्या नातवंडांपर्यंत जाणार होतं. चार-पाच दिवस हातात होते. तो दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी पाचवा प्रयोग. गोडेतेलाचा पत्र्याचा रिकामा डबा खातूनबीनं सोड्यानं घासून ठेवला होता. त्यात पेलाभर पाणी घालून, झाकण उघडं ठेवून, तो अंगणातल्या चुलीवर उकळला. तोंडातून वाफेचा लोट निघाला तसा लालमहंमदांनी फडक्यानं धरून तो खाली उतरवला आणि झाकण घट्ट बसवलं. आता वरून गार पाणी ओतलं की आतली वाफ आकसणार आणि बाहेरची हवा डबा चेपणार.

"थांबा," झरीन म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, डबा चेपतानाचा आवाज ऐकायचा. तुमी डोळे झाका. डबा बोलला की सांगायचं. दुकानात कसं म्हणायचात? दादीनं सांगितलंय मला. 'बसली!' तसं म्हणायचं."

खातूनबी चुलीपाशी होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

लालमहंमदांनी दस्तीनं डोळे बांधले. नाही म्हणता आलं असतं. पण पोरीचा आग्रह, आणि त्याहून जुनी ती खोड. त्यांनी मान तिरकी केली. अंधार आणि शांतता. पाणी ओतलं असेल का? ओतलंच असेल. इतका वेळ लागतो का? चेपला असेल एव्हाना. पोरगी वाट बघत असेल, दादांना कसं कळलं नाही म्हणून. आता बोललंच पाहिजे.

"बसली!" ते म्हणाले.

काहीच झालं नाही. त्यांनी दस्ती वर केली. झरीन समोर बादलीपाशी उभी होती, हातात भरलेला तांब्या, आणि पोट धरून हसत होती.

"दादा, म्या अजून पाणीच वतलं न्हाय!" ती ओरडली.

मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. काय करावं न कळून तिनं तांब्या डब्यावर ओतला. लालमहंमदांच्या डोळ्यांदेखत डब्याची एक बाजू आत गेली, मग दुसरी, मग तो सगळाच मुरगळला आणि कलंडला. त्यांच्यासाठी हे सगळं निःशब्द झालं.

"आता तरी आला ना आवाज?" तिनं जवळ येऊन विचारलं.

"न्हाय."

"एवढा मोठा आला की!"

"न्हाय आला, झरीन. मला ऐकू येत न्हाय. लई वर्षं झाली." त्यांनी कपाळावरची दस्ती सोडली. "तुज्या अब्बाच्या येळेलाबी येत नव्हतं. रिंग बसली न्हवती. म्या बसली म्हणलो. मी 'भर' म्हणलो म्हणून त्यानं भरली."

झरीननं रिकामा तांब्या खाली ठेवला. "म्हणजे अब्बांनी घाई केली नव्हती?"

"न्हाय, बेटा."

"मग तुमी सांगितलं का न्हाय कुणाला?"

"माजा मान गेला असता."

"अब्बांचा गेला की," ती म्हणाली.

दहा वर्षांच्या पोरीला उलट उत्तर देऊ नये असं कुणी शिकवायचं, आणि कोणत्या तोंडानं? लालमहंमद बाजेच्या कडेला बसून लहान पोरासारखे रडायला लागले.

खातूनबी उठून आली आणि त्यांच्या उजवीकडं बसली. ती नेहमी तिथंच बसायची. इतक्या वर्षांत ती एकदाही चुकून डावीकडं बसली नव्हती, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

"मला म्हायती होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचा कान. वसीमनंच सांगितलं होतं मला. अम्मी, म्हणला, अब्बांना रिंग ऐकू येत न्हाय. पण तू बोलू नगंस, लई लागंल त्यांना. ते 'बसली' म्हणून चहाला गेले की मी कॉम्प्रेसरचा आवाज बंद करून पुन्हा ठोकून बघतो. न बसलेली असली तर बसवतो, आन् मगच हवा भरतो. दहा महिने करत होता."

दहा महिने एकही रिंग चुकली नव्हती. हाताला कळतं म्हणे! दहा महिने त्या दुकानातला कान पोराचा होता, आणि बाप समोर चहाच्या टेबलावर बसून त्याच्यावर मिशीला पीळ देत होता.

"मग त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. विचारतानाच त्यांना उत्तर कळलं होतं.

"त्या दिवशी रोजा होता," खातूनबी म्हणाली. "तुमी चहाला गेला न्हाय."

वसीम क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला होता. ते उठण्याची वाट बघत होता. परक्या ट्रकवाल्यासमोर, बापाच्या देखत, बापानं 'बसली' म्हटलेल्या रिंगेवर हातोडी मारायची, म्हणजे बापाला खोटं पाडायचं. ते त्याला जमलं नाही. एवढी एकच घाई त्या पोरानं केली नाही, आणि गावानं त्याला घाईचाच दोष दिला.

"मी तवाच बोलले असते तर," खातूनबी म्हणाली.

झरीननं दोघांकडं पाहिलं, चेपलेला डबा उचलला, वही उचलली आणि आत निघून गेली. विज्ञान दिनापर्यंत ती आजोबांशी एक शब्द बोलली नाही. वाढलेलं खायची, शाळेत जायची, कोपऱ्यात पाठ करून लिहायची. काय लिहिलंय ते तिनं दाखवलं नाही आणि लालमहंमदांची विचारण्याची छाती झाली नाही.

विज्ञान दिनी सकाळी शाळेच्या मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या. टेबलावर ग्लास, फुगे, मेणबत्त्या, आणि मधोमध झरीनचा मुरगळलेला डबा. पालक बरेच जमले होते. बलभीम पुढच्या रांगेत होता, त्याची नात आरोही त्याच वर्गात. लालमहंमद पुढं गेले नाहीत. ते अगदी मागं, कडुलिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. माईक नव्हता. तिथून त्यांना मुलांची तोंडं हलताना दिसत होती, एवढंच.

झरीनची पाळी आली. तिनं वही उघडली. तिचे ओठ हलू लागले. लालमहंमद एकटक बघत होते. कुठवर आली असेल? काय लिहिलं असेल? पोरीनं दया करून आजोबांना वगळलं तर नाही ना, अशी भीती त्यांना वाटली, आणि वगळलं असतं तर बरं, असंही वाटलं. माणसाचं मन असं दोन्हीकडून खातं.

मग पुढच्या रांगेत बलभीमनं मान वळवली. तो मागं बघत होता, तोंड अर्धवट उघडं. त्याच्या शेजारच्यानं वळवली. हर्षाली मॅडमनी वर पाहिलं. एकेक करत सगळं मैदान वळून लिंबाच्या झाडाकडं बघायला लागलं. ज्या नजरांना ते चार वर्षं भीत आले होते त्या सगळ्या एकदम आल्या. त्यांनी मान खाली घातली नाही. झरीन वहीत कुठं पोचलीय ते त्यांना आता कानाशिवाय कळत होतं.

कार्यक्रम संपल्यावर कुणी त्यांच्याजवळ आलं नाही. बलभीम दोन पावलं आला आणि परत फिरला. वही छातीशी धरून झरीन आली. हसली नाही. फिरून त्यांच्या उजवीकडं उभी राहिली.

"ऐकू आलं का?" तिनं विचारलं.

जन्माच्या सवयीनं 'आलं' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता.

"न्हाय," ते म्हणाले.

"मग खाली बसा."

ते झाडाच्या बुंध्याशी बसले. तिनं वही उघडली, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून, सावकाश, वाचायला सुरुवात केली.

"'माझे अब्बा प्रत्येक रिंग दुसऱ्यांदा वाजवून बघायचे.'"